वराहपालनात या चुका टाळा: इंजेक्शनाआधी पाणी बघा

मे महिन्यातली गोष्ट. सकाळीच शेडवरच्या पोराचा फोन, "दादा, तीन डुकरं येड्यागत करतायत." जाऊन बघतो तर एक भिंतीला डोकं टेकवून उभं, दुसरं कुत्र्यासारखं बसून मान मागे फेकतंय, तिसऱ्याला दिसतच नव्हतं. मेंदूचा काहीतरी रोग समजून मी औषधांचा डबा उपसत बसलो. डॉक्टर आले आणि त्यांनी आधी पाणी पिण्याचं निपल (दाबलं की धार सोडणारी तोटी) दाबून बघितलं. थेंब नाही. आदल्या दिवशी लग्नाच्या हॉलमधलं खरकटं घातलं होतं, लोणचं-पापडासकट, आणि क्षार धरून पाइप बंद झालेला. मीठबाधा.

पण डॉक्टर यायच्या आधीच मी घाबरून डुकरांपुढे पाण्याचं घमेलं सरकवलं होतं, ती त्याहून मोठी चूक. अशा जनावरानं एकदम ढसाढसा पाणी प्यायलं की मेंदूला सूज चढते. पाणी थोडं थोडं, थांबत थांबत द्यायचं असतं. तीनपैकी दोन गेली.

तेव्हापासून आठवड्याला लिटरची बाटली आणि घड्याळ घेऊन प्रत्येक निपल तपासतो. वाढत्या डुकरांना मिनिटाला किमान एक लिटर, पाजणाऱ्या मादीला दोन लिटर धार हवी. पाजणारी मादी दिवसाला वीस-तीस लिटर पाणी सहज पिते. ते मिळालं नाही की ती खायचं कमी करते, दूध आटतं, आणि आपण खाद्यवाल्याशी भांडतो.

खरकटं उकळून घालतो म्हणजे झालं, असं बरेच जण समजतात. उकळल्यानं रोगाचा विषाणू मरतो, मीठ तसंच राहतं. आणि उकळणं म्हणजे एक वाफ काढणं नव्हे: 90 अंशांवर तासभर, सतत ढवळत. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग खरकट्यातल्या डुकराच्या मांसातूनही येतो. आपल्या देशात तो 2020 मध्ये ईशान्येकडे पहिल्यांदा सापडला, त्यावर उपचार नाही, आणि क्लासिकल स्वाइन फिव्हर या दुसऱ्याच रोगाची लस त्याला अडवत नाही. हॉटेलचा तोच ड्रम चार फार्म फिरून आपल्याकडे येतो, ते वेगळंच. ड्रम फाटकाबाहेर रिकामा करून घ्या.

शिवाय खरकट्यात बराच भाग नुसतं पाणी. पोट टम्म, वजन मात्र जागच्या जागी. जोडीला सोयाबीन पेंड आणि खनिज मिश्रण हवंच. नुसत्या मक्यावर लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी पडतं. मका ओला, कुबट असेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बुरशीच्या विषानं कालवडीएवढ्या लाडानं वाढवलेल्या तरुण माद्यांची योनी सुजते आणि आपण माजावर आली म्हणून नर सोडतो.

आता पिल्लं. सगळ्यात गुबगुबीत पिल्लू तिसऱ्या आठवड्यात पांढरंफटक पडून धापा टाकायला लागतं, तेव्हा लोक न्यूमोनिया म्हणतात. बऱ्याचदा ते लोह कमी पडल्यामुळे असतं. पिल्लाला रोज सात मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं, आईच्या दुधातून जेमतेम एक मिळतं. उकिरड्यावरची पिल्लं माती खाऊन भागवतात, आपल्या सिमेंटच्या फरशीवर ती सोय नाही. जोमानं वाढणारं पिल्लू आधी लोळतं, कारण त्याची गरजच जास्त. तिसऱ्या दिवशी 200 मिलिग्रॅम आयर्न डेक्स्ट्रान, म्हणजे लोहाचं इंजेक्शन, तेही मानेत. मांडीत दिलं तर मांसाला डाग राहतो. त्याआधी पहिल्या काही तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. डुकराच्या पिल्लाला गर्भातून प्रतिकारशक्ती मिळत नाही, जे काय ते चिकातूनच.

हगवण लागली की लगेच अँटिबायोटिक नको. आधी पिल्लं कशी झोपलीत ते बघा. एकमेकांवर ढीग करून पडली असतील तर थंडी वाजतेय, उबेचा दिवा खाली घ्या. नवजात पिल्लाला 32 ते 34 अंश लागतात, आईला त्यात जीव नकोसा होतो. म्हणून दिवा कोपऱ्यात, पिल्लांपुरता.