तुर्कमेन दागिन्याची पारख कशी करावी

तुर्कमेनिस्तान, ईशान्य इराण आणि उत्तर अफगाणिस्तान या पट्ट्यातील टेके, योमुत, एरसारी अशा जमातींतील स्त्रियांचे चांदीचे दागिने आता लिलावांत विक्रीला येतात. त्यांत वेण्यांवरून पाठीवर रुळणारा, हृदयाच्या आकाराचा ‘असिक’ पारखीच्या सरावाला सोयीचा आहे, कारण त्याचा दर्शनी भाग मोठा व सपाट असतो.

तरीही तो हाती येताच प्रथम उलटा करावा. मागच्या बाजूला सहसा नक्षी नसते, त्यामुळे हातोडीचे अस्पष्ट घाव, झाळलेल्या जागा आणि कापडावर घासून आलेली झिलई तेथे सहज वाचता येते. कडी वर्षानुवर्षे लोंबत राहिल्याने आतून पातळ झालेली असावी. पुढचा भाग काळवंडलेला आणि कडी मात्र धारदार असेल, तर काळेपणा मुद्दाम आणलेला असू शकतो.

यानंतर मुलामा पाहावा. जुन्या कामात पारा व सोने यांचा लेप तापवून पारा उडवीत, आणि सोने चांदीवर घट्ट बसे. टेके कारागीर वेलबुट्टीच्या रेषा कोरून सोने ठरावीक भागांतच ठेवीत, त्यामुळे पिवळ्या-पांढऱ्या रंगांची जोडी हीच मुळी नक्षी ठरते. उंचवट्यांवर सोने झिजलेले आणि खोबणीत टिकलेले दिसले, तर ते वापराचे लक्षण होय. योमुत कामात मात्र ठशाने उठवलेल्या, मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याच्या चौकटी चांदीवर डकवलेल्या आढळतात. जमात ठरवताना हा फरक उपयोगी पडतो, पण एवढ्यावरच निकाल देऊ नये; कारागीर एकमेकांचे पाहूनही शिकत.

खड्यांत तांबडा अकीक प्रमुख असतो. खंबायतचा अकीक हाताळलेल्या वाचकांना त्याचा थंड स्पर्श आणि आतला ढगाळ रंग ओळखीचा असेल. भिंगाखाली गोल बुडबुडे दिसल्यास ती काच समजावी. तथापि काच म्हणजे बनावट असे नव्हे, कारण योमुत दागिन्यांत रंगीत काच पूर्वीपासून वापरात होती. शंका घ्यावी ती कोंदणाच्या कडा नव्याने दाबल्यासारख्या दिसल्यावर. त्रिकोण व नळी असलेला ‘तुमार’ समोर आला, तर तो आपल्याकडील ताइताचा सख्खा भाऊ; त्याच्या नळीची टोके उघडझाप होतात का, हेही पाहावे.

धातूसाठी कसोटीचा दगड किंवा आम्ल वापरू नये, कारण त्याने मुलाम्याची हानी होते. जर्मन सिल्व्हरची, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या पण चांदी नसलेल्या मिश्रधातूची, शंका असल्यास क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. दुरुस्त्या, बदललेल्या साखळ्या आणि तुटलेले घुंगरू यांची नोंद ठेवावी, आणि दागिना चकचकीत करण्याचा मोह टाळावा. किंमत ठरवण्याआधी वजन, मोजमाप व मागील बाजूचे छायाचित्र घेऊन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेल्या वुल्फ दांपत्याच्या संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहावे.