नणंद-भावजयीची एलएलपी: मसाल्याच्या धंद्याची नोंदणी आम्ही कशी केली

साताऱ्याजवळच्या आमच्या गावात मी आणि माझी थोरली नणंद कांदा-लसूण मसाला नि सुक्या चटण्या करतो. सुरुवातीची काही वर्षं आमची साधी भागीदारी होती, 1932 च्या कायद्याखालची. तिच्यात पेढीचं देणं थकलं, तर ज्याचे पैसे अडकलेत तो कोणत्याही एका भागीदाराकडे पूर्ण रक्कम मागू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये बेडगी नि संकेश्वरी मिरची उधारीवर उचलायची आणि पैसे दिवाळीपर्यंत चुकते करायचे, हा आमचा रिवाज. ओळखीतल्या एका पेढीत एकाने अशीच उधारी केली, दुसऱ्याला पत्ता नव्हता, आणि राहतं घर दुसऱ्याचं विकलं गेलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी ठरवलं, आता एलएलपी करायची, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, जिच्यात पेढीच्या देण्यापायी भागीदाराचं घर सहसा पणाला लागत नाही.

आधी पर्याय बघा. एकटेच असाल तर एका माणसाची कंपनी, म्हणजे ओपीसी काढता येते. बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा द्यायचा असेल तर प्रायव्हेट लिमिटेड घ्या, पण तिथे उलाढाल कितीही लहान असली तरी दरवर्षी ऑडिट करावंच लागतं. एलएलपीत उलाढाल 40 लाखांच्या आत आणि भांडवल 25 लाखांच्या आत असेल, तर एलएलपीच्या कायद्याने ऑडिट सक्तीचं नाही. निदान दोन भागीदार मात्र हवेत. आयकर सरसकट 30 टक्के आणि वर सेस (उपकर), स्लॅब नाही. थोडक्या नफ्याच्या धंद्याला हे जड जातं, म्हणून सीएकडून आकडेमोड करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फॉर्म भरण्याआधी नावं जुळवा, विशेषतः बायकांनी. माझ्या पॅनवर माहेरचं नाव होतं नि आधारवर सासरचं. डिजिटल सहीचा अर्ज तिथेच अडला आणि पॅन दुरुस्त होऊन येईपर्यंत तीन आठवडे गेले. तसंच जागेचं. नोंदणीकृत पत्त्यासाठी दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल नि मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. आमच्या कांडप मशीनच्या शेडचं बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर होतं. आधी महावितरणकडे नाव बदलून घेतलं, मग पत्र केलं. घरोघरी हीच स्थिती असते, म्हणून हे काम सगळ्यांत आधी हातात घ्या.

मग धंद्याचं नाव. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर आणि ट्रेडमार्कच्या यादीत, दोन्हीकडे शोधा. मसाले ट्रेडमार्कच्या 30 व्या वर्गात येतात. देवीदेवतांची नावं बहुतेक आधीच गेलेली असतात. 200 रुपये भरून दोन नावं सुचवता येतात, मंजूर झालेलं नाव तीन महिने राखून ठेवतात. त्यानंतरचा नोंदणीचा मुख्य फॉर्म म्हणजे फिलिप (FiLLiP). भागीदारांचे डीआयएन, म्हणजे मंत्रालयाकडचे ओळख क्रमांकही त्यातच मागता येतात. त्यावर सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस), कॉस्ट अकाउंटंट किंवा वकिलाची सही लागते, त्यामुळे हे सगळं एकट्याने होत नाही. सरकारी फी भांडवलावर ठरते: एक लाखापर्यंत 500 रुपये, एक ते पाच लाखांपर्यंत 2000. मी तीन लाख घातले, वन्संनी एक, म्हणून आम्हाला 2000 पडले.

प्रमाणपत्र हातात आलं की पेढे वाटून मोकळं व्हावंसं वाटतं. खरं काम तिथून पुढे आहे. 30 दिवसांच्या आत भागीदारांचा करार स्टॅम्प पेपरवर करून फॉर्म 3 भरायचा असतो. पुष्कळ जण सीएच्या कॉम्प्युटरमधला तयार करार छापून सह्या करतात. कृपा करून असं करू नका. करारात जे लिहिलेलं नसतं, तिथे एलएलपी कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातले नियम लागतात. ते सांगतात, नफा-तोटा सगळ्यांना सारखा, भांडवल कुणी कितीही घालो. आणि कामाबद्दल भागीदाराला मेहनताना नाही.

हे वाचून मी थांबले. पैसे माझे जास्त होते, पण पहाटेपासून मसाल्यापाशी वन्सं असतात. मिरची किती भाजायची, खोबरं कधी उतरवायचं, ते सगळं त्यांच्या हातात. रात्री शेडमध्ये पोत्यावर बसून मी त्यांना म्हटलं, तुमचा महिन्याचा पगार लिहू या. त्या म्हणाल्या, "वहिनी, घरातल्या घरात पगार कसला मागायचा?" मी म्हटलं, "वन्सं, आज कागदावर आलं नाही, तर उद्या तुम्हाला मागताही येणार नाही." बराच वेळ त्या पदराला लागलेली हळद झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहा."

शेवटी नफा निम्मानिम्म, त्यांना दरमहा 15,000 मेहनताना, माझ्या जास्तीच्या भांडवलावर व्याज, असं ठरलं. मेहनताना नि व्याज करारात असेल तरच ते आयकरात ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च म्हणून वजा होतं. 50,000 च्या वरची उधारी दोघींच्या सहीशिवाय नाही, हेही घातलं. मसाल्याचं माप कुणाचं, वेगळं झाल्यास ते कुणी वापरायचं, हेसुद्धा लिहिलं. आणि एकीचं बरंवाईट झालं तर काय, हा अवघड प्रश्नही टाळला नाही. एकच भागीदार उरला आणि सहा महिन्यांनंतरही त्याने तसाच धंदा चालवला, तर त्या काळातल्या देण्याला तो स्वतः जबाबदार ठरतो. म्हणून वन्संच्या मुलीला भागीदार करून घ्यायचं कलम आहे.

जुनी भागीदारी असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा. तिचं एलएलपीत रूपांतर करता येतं, पण रूपांतराआधीच्या देण्याची वैयक्तिक जबाबदारी तुमच्या डोक्यावर राहतेच. आम्ही मिरचीची सगळी उधारी फेडली, मगच अर्ज केला.

एलएलपीला स्वतःचा पॅन मिळतो, म्हणून जीएसटी, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), बँक खातं सगळं नव्याने करावं लागतं. आम्ही चुकलो ते पाऊचमध्ये. जुना अन्नपरवाना क्रमांक छापलेले पाऊच दिवाळीसाठी भरपूर घेऊन ठेवले होते. नव्या नावाचा एफएसएसएआय परवाना आला आणि ते सगळे बाद झाले. छपाईची ऑर्डर परवाना आल्यावरच द्या. बिलबुकावर नाव, पत्ता, एलएलपीचा नोंदणी क्रमांक आणि जबाबदारी मर्यादित असल्याचा उल्लेखही कायद्याने लागतो.

बँकेत कर्जाला गेलात की भागीदारांची वैयक्तिक हमी मागतात. ती सही केली की त्या कर्जापुरतं घर पुन्हा पणाला लागतं. आम्ही मोठ्या मशीनचं कर्ज घेतलं नाही. जुनंच दुरुस्त करून दोन हंगाम काढले. फसवणूक केली किंवा स्वतःच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं, तरीही एलएलपी वाचवत नाही, म्हणून भेसळीच्या बाबतीत वन्सं कुणाचंच ऐकत नाहीत.

आमच्या शेडमधल्या कालनिर्णयवर दोन तारखांना लाल गोल असतो: 30 मे, फॉर्म 11 (वार्षिक विवरण), आणि 30 ऑक्टोबर, फॉर्म 8 (हिशोबाचं विवरण). वर्षभरात एक रुपयाची विक्री झाली नाही तरी हे दोन्ही भरायचेच. उशीर वाढेल तसा दंड वाढतो.