वीज-पाणी बंदची सूचना कशी काढावी

मुख्य जलवाहिनी फुटते तेव्हा कंपनीकडे साधनांची वानवा नसते. वेबसाइट असते, अॅप असतं, एसएमएस असतो, कॉल सेंटर असतं. गोंधळ होतो तो चारही ठिकाणी पाणी येण्याची वेगवेगळी वेळ सांगितल्यामुळे. म्हणून नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी पुढची शिस्त लावा.

1. मूळ नोंद एकच ठेवा. ती नियंत्रण कक्षातून निघावी आणि बाकी सगळ्यांनी मजकूर तिथूनच उचलावा. सूचना क्रमांक, बाधित भाग, कारण, पुरवठ्याची अंदाजे वेळ, शेवटचा बदल कधी आणि कोणी केला, एवढं तिच्यात हवंच. वेळ बदलली तरी जुनी आवृत्ती पुसू नका. तक्रार आली की दुपारी नेमकं काय कळवलं होतं, ते दाखवता आलं पाहिजे.

2. मंजुरी आधीच वाटून द्या. रात्री दोनला जनसंपर्क अधिकारी फोन उचलतीलच असं नाही. ठरलेल्या नमुन्यातली सूचना पाळीवरच्या अभियंत्याने थेट सोडावी. पाणी दूषित असल्याच्या सूचनेला मात्र वरिष्ठांची संमती हवी, आणि ते नसतील तर कोण, हेही लिहून ठेवा.

3. एसएमएस मोजून लिहा. इंग्रजीत एका संदेशात 160 चिन्हं बसतात, देवनागरीत फक्त 70. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'दुरुस्ती' एकटा आठ जागा खातो. म्हणून 'सर्व सन्माननीय ग्राहकांना' वगैरे सोडा (तसंही ते कोण वाचतं?) आणि असं लिहा:

पाणी बंद: विभाग 7. मुख्य वाहिनी फुटली. अंदाजे सायं. 6 ला सुरू.

या संदेशात पैसे भरायची लिंक कधीच घालू नका. बिल थकल्याचे खोटे संदेश पाठवणारे भामटे ग्राहकांची अशी लिंक उघडायची सवयच वापरतात.

4. लेटरहेडचा फोटो टाकून मोकळं होऊ नका. दृष्टिहीनांचा स्क्रीन रीडर चित्रातला मजकूर सहसा वाचू शकत नाही.

5. समाजमाध्यमांवर उत्तर देताना ग्राहक क्रमांक, पत्ता चारचौघांत मागू नका. खासगी संदेशात घ्या.

6. काम झालं की सूचना बंद करा. आपत्ती-सूचनांसाठीच्या कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉलमध्ये सुधारित सूचना आणि रद्द सूचना हे वेगळे प्रकार आहेत, शिवाय मुदत संपण्याची वेळही नोंदवता येते. तेवढं आपल्या नोंदीत घ्या. पुरवठा सुरू झाला की त्याच क्रमांकाने तसं कळवा आणि वेबसाइटवरची लाल पट्टी त्याच वेळी काढा.