व्यापारी गुपिताचा दावा टाकताय? या चुका टाळा

भिवापूर पट्ट्यातल्या एका मसालेवाल्या वहिनींची फाईल माझ्याकडे आली तेव्हा उशीर झाला होता. जुना कामगार शेजारच्या गावात तोच मसाला विकू लागला, म्हणून त्यांनी दावा टाकला होता. पुरावा म्हणून आजेसासूंच्या वहीची झेरॉक्स जोडली होती: मिरची किती, दगडफूल किती, खसखस केव्हा भाजायची, सगळं. दाव्यासोबतच्या कागदांची प्रत समोरच्याला मिळतेच. त्याला अर्धंच माहीत होतं. उरलेलं आम्हीच त्याच्या हाती दिलं.

कशात किती, या प्रमाणाचा कागद दाव्याला कधीच जोडू नका. तो सीलबंद पाकिटात कोर्टापुढे ठेवा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली गोपनीयतेचा अर्ज द्या. साक्षीच्या वेळी बाकीच्यांना कोर्टाबाहेर ठेवायचा अधिकार न्यायाधीशांना कलम १५३-ब देतं, पण तो आपणहून वापरला जाईल या भरवशावर राहू नका, मागा. पाकीट समोरच्याला कधीच दिसणार नाही असंही धरू नका. ज्या पुराव्यावर निकाल लागणार, त्याला उत्तर द्यायची संधी त्याला मिळायलाच हवी. म्हणून, कागद फक्त त्याच्या वकिलाने आणि तज्ज्ञाने, लेखी हमी देऊन पाहावा, अशी मागणी करा.

याच्या उलट चूकही तेवढीच महागात पडते. 'आमची खास पद्धत चोरली' एवढ्यावर निशाणी ५ चा, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईचा अर्ज टिकत नाही. नेमकं काय गुप्त आहे, ते प्रमाण न सांगता लिहा. आणि ते तुम्ही जपलं होतं, हेही दाखवावं लागतं. वही कांडप यंत्राशेजारी खिळ्याला टांगलेली असेल तर अवघड आहे.

भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारावर भिस्त असते. पण 'काम सोडल्यावर पाच वर्षं मसाल्याचा धंदा करणार नाही' हा बॉण्ड करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. गुपित फोडणार नाही, एवढंच लिहून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट देऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत लागतं. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका.

आणि निकालपत्रात प्रमाण उतरू नये, ही विनंती गोपनीयतेच्या अर्जातच आधी लिहून टाका.