डोंगरावरचं सार्वजनिक जंगल सांभाळायचंय? वनखात्याच्या जोडीने काम असं उभं करा

डोंगरावरच्या जंगलासाठी काहीतरी करू या असं चार जणांचं ठरलं, की पाचवा लगेच रोपं कुठे मिळतील याची चौकशी सुरू करतो. त्याला जरा थांबवा. बऱ्याच डोंगरी जंगलांना नव्या रोपांपेक्षा वाहून जाणारी पायवाट दुरुस्त करणारे, उपरं तण काढणारे आणि पुढच्या वर्षी न चुकता परत येणारे हात हवे असतात. हे काम फोटोत फारसं दिसत नाही, त्यामुळे ते कायम मागे पडतं.

आधी जमीन कोणाची ते शोधा

एकाच उतारावर वनखात्याची हद्द, महसुली जमीन, पाणीपुरवठ्याचं राखीव क्षेत्र आणि कुणाची तरी खासगी पट्टी असू शकते. नकाशा मिळवा, हद्दीचे खांब प्रत्यक्ष पाहून या आणि ज्याची जमीन त्याच्याशीच बोला. शिवाय त्या जंगलावर पिढ्यानपिढ्या जगणारी माणसंही असतात. भारतात 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनक्षेत्राचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभांना दिला आहे. नेपाळमध्ये 1993 च्या वन कायद्यापासून गावोगावचे वनउपभोक्ता गट जंगल चालवतात. खात्याची परवानगी मिळाली पण गावाला पत्ताच नाही, अशा अवस्थेत सुरू झालेलं काम पहिल्याच वादात बंद पडतं, आणि ते पडायलाच हवं.

पहिल्या भेटीत योजना नेऊ नका, प्रश्न न्या

वरिष्ठांना भेटा, पण त्या भागात रोज फिरणाऱ्या वनरक्षकाला भेटल्याशिवाय परतू नका. त्याला एवढंच विचारा: माणसं कमी पडतात म्हणून तुमची कोणती कामं रखडली आहेत? मोरीत अडकलेली दगडमाती, पडलेल्या दिशादर्शक पाट्या, कड्याजवळचा प्लास्टिकचा ढीग, अशी यादी तुमच्यासमोर येईल. त्यातलं सर्वांत छोटं काम उचला आणि सांगितलेल्या तारखेला पूर्ण करून दाखवा. वणव्याच्या हंगामात किंवा आर्थिक वर्ष संपताना मात्र भेट मागू नका. तेव्हा त्यांना डोकं वर काढायलाही वेळ नसतो.

बोलणं कागदावर आणा

अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि तोंडी परवानगी त्यांच्याबरोबर निघून जाते. करार दोन पानांचा असला तरी चालेल. त्यात नकाशावर आखलेली जागा, कामाचं स्वरूप, हत्यारं कोणाची, देखरेख कोणाची, काम थांबवण्याचा अधिकार कोणाला, अल्पवयीन मुलं येणार का आणि कुणाला इजा झाली तर खर्च कोण करणार, हे सगळं यायला हवं. या शेवटच्या मुद्द्याचा विषय काढायला दोन्ही बाजूंना संकोच वाटतो, पण घोळ तिथेच होतो. अमेरिकेत राष्ट्रीय वनांतल्या स्वयंसेवकांसाठी 1972 साली स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार स्वयंसेवक सरकारी नोकर ठरत नाही, मात्र कामावर इजा झाल्यास भरपाईपुरता त्याला कर्मचाऱ्यासारखंच धरलं जातं. तुमच्याकडे अशी तरतूद नसेल तर विमा काढल्याशिवाय कुणाच्या हाती कुदळ देऊ नका.

असा विश्वास किती लांबवर जाऊ शकतो, याचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल. बेंटन मॅकाय यांनी 1921 मध्ये ती कल्पना मांडली, 1925 मध्ये संघटना उभी राहिली आणि 1937 मध्ये 14 राज्यांतून जाणारी ती सलग डोंगरवाट पूर्ण झाली. सुमारे 3,500 किलोमीटरच्या या वाटेची निगा मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक राखतात. वाटेच्या सरकारी जमिनींपैकी काहींच्या दैनंदिन व्यवस्थापनाची जबाबदारी 1984 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने चक्क या स्वयंसेवी संघटनेकडे सोपवली. तोवर स्वयंसेवकांच्या कामाला जवळजवळ साठ वर्षं होत आली होती, हे लक्षात घ्या.

पायवाट: खरा शत्रू पाणी

पायवाटेचं काम हाती घेतलं तर पहिली फेरी भर पावसात मारा. कोरड्या दिवशी सगळ्याच वाटा चांगल्या दिसतात. पाणी वाटेवर कुठे शिरतं, किती अंतर तिच्यावरून धावतं आणि कुठे बाहेर पडतं, एवढंच पाहायचं. जिथे ते धावतं तिथे माती जाते, मुळं उघडी पडतात, मग माणसं कडेकडेने चालू लागतात आणि एका वाटेच्या तीन होतात.

वाट आखताना एक ढोबळ नियम पाळतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आसपास राहावा. उताराच्या नाकासमोर सरळ खाली जाणारी वाट कितीही डागडुजी केली तरी ओहोळच होणार. ती दुरुस्त करत बसू नका, नवी आखणी खात्यापुढे मांडा.

बाकीच्या वाटांवर बहुतेक वेळा एक साधं काम पुरतं. वापराने वाट मधोमध खचते आणि दरीकडच्या काठावर मातीचा लहानसा बांध तयार होतो, तो पाणी वाटेवरच अडकवतो. फावड्याने तो बांध काढा आणि वाटेला दरीच्या बाजूला हलका कल द्या. 60 सेंटिमीटर रुंदीच्या वाटेला बाहेरची कड साधारण 3 सेंटिमीटर खाली असली की पाणी पसरून निघून जातं आणि चालणाऱ्याच्या पायाला तो कल जाणवतही नाही. काढलेली माती काठावर रचून ठेवू नका, नाहीतर पुढच्या पावसापर्यंत तोच बांध पुन्हा उभा राहील. ती उतारावर विखरून फेका किंवा खड्डे भरायला वापरा. जास्त चढाच्या जागी तिरपे, उथळ आणि रुंद चर काढा. चर अरुंद आणि खोल केले तर पहिल्याच पावसात गाळाने भरतात. मधल्या आडवाटा बंद करायच्या तर वाळक्या फांद्या आणि दगड वाटेच्या तोंडापुरते न टाकता नजर पोहोचेल तिथवर पसरा. आडवाट दिसली की माणूस ती धरणारच.

उपरं तण काढायचं तर तीन वर्षांचं वचन द्या

घाणेरी, म्हणजे टणटणी, वरून छाटली की दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी विकसित केलेली पद्धत सोपी आहे. जमिनीखाली काही सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उपटून मुळं वर करून उलटं ठेवायचं आणि तसंच वाळू द्यायचं. हे फळं धरण्याआधी करावं. पुढच्या पावसाळ्यात मात्र परत यावंच लागतं, कारण पक्षी जिथे बसतात त्या झाडांखाली नवी रोपं हमखास उगवतात. नंतर मोकळ्या जागेत स्थानिक गवत धरलं नाही तर तिथे दुसरं तण येतं. अख्खा उतार एकदम साफ करू नका. उघडी माती पहिल्या सरीबरोबर खाली येईल आणि त्या झुडपांच्या आडोशाला राहणारे जीवही उघड्यावर पडतील. तुकडे पाडून काम करा.

बुटांचे तळवे घासून मगच जंगलात शिरा. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांना मारणारा रोग पावलांना चिकटलेल्या मातीतून पसरतो, म्हणून तिथे वाटांच्या तोंडाशी बूट साफ करण्याची सोय केलेली असते. तणांच्या बियाही याच मार्गाने प्रवास करतात.

राहता राहिली झाडं लावण्याची हौस. उंचावरचं गवताळ पठार म्हणजे ओसाड जागा नव्हे. निलगिरी पर्वतातल्या अशा गवताळ उतारांवर वॅटल (एक परदेशी बाभूळ) आणि निलगिरीच्या झाडांची लागवड झाली आणि तिथली मूळ गवतं हरवली. खात्याने जागा आणि प्रजाती दोन्ही ठरवून दिल्याशिवाय खड्डा खणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कामाचा दिवस

निघण्यापूर्वी माणसं मोजा, काम संपल्यावर पुन्हा मोजा. प्रत्येक लहान तुकडीला एक म्होरक्या हवा, आणि शक्यतो त्याने स्वतः काम न करता लक्ष ठेवावं. हत्यार चालवणाऱ्या दोघांत निदान 3 मीटर अंतर असावं. चालताना हत्यार खांद्यावर न टाकता दरीकडच्या हातात, पातं खाली करून धरा. पाय घसरला तर ते अंगावर न येता बाहेर फेकता येतं. दगड हलवताना खाली कुणी नाही याची खात्री करा, आणि दगड सुटलाच तर लाजायचं नाही, जोरात ओरडायचं. यांत्रिक करवत फक्त प्रशिक्षण आणि परवाना असलेल्याच्या हाती द्या. विजा चमकू लागल्या की माथ्यावरून खाली उतरा, काम अर्धं राहिलं तरी.

कुऱ्हाड आणि कुदळ एकाच दांड्यावर असलेलं 'पुलास्की' हे हत्यार मुळंही तोडतं आणि मातीही खणतं. अमेरिकेतल्या 1910 च्या भीषण वणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या एड पुलास्की या वनरक्षकाचं नाव त्याला मिळालं. ते नसेल तर कुदळ, पहार आणि फावड्यावर काम निभतं.

खात्याच्या बाजूनेही दोन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, फोन उचलणारी एक ठरलेली व्यक्ती. दुसरी, रोजंदारीवर स्थानिकांना मिळणारं काम फुकटात होतं म्हणून स्वयंसेवकांकडे वळवू नये. तसं घडताना दिसलं तर गटानेच नकार द्यावा.

नोंद ठेवा

किती जण आले, किती तास काम झालं, किती मीटर वाट दुरुस्त झाली, किती पिशव्या कचरा निघाला, हे त्याच आठवड्यात खात्याला लेखी कळवा. कामाआधी एखाद्या ठळक दगडावर उभं राहून फोटो काढा. त्याच दगडावरून, त्याच दिशेला, पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा काढा. निधी मागताना अधिकाऱ्याला या नोंदी उपयोगी पडतात आणि आपलं काम टिकलं की वाहून गेलं हे गटालाही कळतं. वाहून गेलं असेल तर तेही नोंदवा.

नवा अधिकारी रुजू झाला की पहिल्या महिन्यातच ही फाइल आणि करार घेऊन भेटा, आणि कार्यालयातच चहा पिऊन परतण्याऐवजी त्यांना दुरुस्त केलेल्या वाटेवरून चालवून आणा. पुढच्या कामाची तारीख तिथेच उभ्या उभ्या ठरते.