मासे पार्सलने पाठवताना: आठवडाभर आधीपासूनची तयारी

वाटेत मासे मेले की पहिला संशय प्राणवायूवर जातो. बऱ्याचदा तो निर्दोष असतो. नीट भरलेल्या पिशवीत छोट्या माशांना दोन दिवस सहज पुरेल इतका प्राणवायू असतो. माशाला भोवते ती त्याची स्वतःचीच घाण, तापमानाचा झटका, नाहीतर चुकीच्या वारी पाठवलेलं पार्सल. त्यामुळे तयारी पिशव्या आणण्यापासून नाही, आठवडाभर आधीपासून सुरू करायची.

सगळ्यात आधी पार्सल नेणाऱ्याला स्पष्ट विचारून घ्या. प्रत्येक टपाल किंवा कुरिअर सेवा जिवंत प्राणी घेत नाही, आणि ज्या घेतात त्यांच्या खोक्याबद्दलच्या अटी वेगवेगळ्या असतात. विमानाने जाणार असतील तर आयएटीए या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे जिवंत प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम पाहावे लागतात. देशाबाहेर जाणार असतील तर आरोग्य दाखला लागू शकतो, आणि आशियाई ॲरोवानासारख्या जातीला साइट्स (संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवानाही. ‘शोभेच्या वस्तू’ असं लिहून मासे घुसडण्याच्या फंदात पडू नका; खोका अडकला तर तो कुठल्या तापलेल्या गोदामात पडून राहील सांगता येत नाही आणि तक्रारीलाही तोंड राहत नाही. पाठवण्याचा वार सोमवार किंवा मंगळवार. म्हणजे एक दिवस उशीर झाला तरी खोका सुट्टीत अडकत नाही. घेणाऱ्याला तो दिवस सोयीचा आहे का, दार उघडायला कोणी असेल का, हेही तेव्हाच विचारावं.

मग मासे निवडायचे. बाहेरून आलेला मासा निदान दोन आठवडे आपल्या टाकीत राहिलेला, खाता-पिता आणि अंगावर डाग, चट्टा नसलेला हवा. प्रवासाच्या ताणात दबलेला रोग हमखास डोकं वर काढतो. पिल्लं द्यायला आलेली गप्पी किंवा मॉलीची मादी पाठवू नका. तिला प्राणवायू जास्त लागतो आणि धक्क्याने अवेळी पिल्लं पडतात. तोंडात अंडी घेऊन फिरणाऱ्या सिक्लिड मादीचंही तेच, ती घाबरून अंडी थुंकून टाकते.

आता उपास. छोट्या माशांना 24 तास, मध्यम माशांना 48 तास आणि मोठ्या खादाड माशांना दोन ते तीन दिवस खाणं बंद. अगदी लहान पिल्लांना मात्र इतका उपास सोसत नाही, त्यांना शक्यतो पाठवूच नये. सकर कॅटफिशसारखा मासा खाणं बंद केलं तरी काचेवरचं शेवाळ आणि लाकूड खरवडत राहतो. त्यामुळे त्याला लाकूड, दगड नसलेल्या रिकाम्या टबात हलवल्याशिवाय तो उपास नावापुरताच. ‘बिचारा वाटेत उपाशी राहील’ म्हणून निघताना चिमूटभर दाणे टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी माया आहे. धडधाकट मासा काही दिवस न खाता मजेत राहतो. पण पोटातलं अन्न पिशवीत उतरलं की पाणी गढूळ होतं, जिवाणू वाढतात आणि अमोनिया चढतो.

अमोनियाचं गणित समजलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. उपाशी मासासुद्धा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतच असतो. सोबत तो कार्बन डायऑक्साइडही सोडतो, त्यामुळे बंद पिशवीतलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं. हीच माशाची वाटेतली ढाल. पीएच म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा; आम्लता वाढली की तो उतरतो. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. पिशवी मध्येच उघडली तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि दोन दिवस निरुपद्रवी असलेला अमोनिया काही मिनिटांत विष होतो. म्हणून बांधलेली पिशवी ‘जरा ताजी हवा’ देण्यासाठी पुन्हा सोडायची नाही, आणि घेणाऱ्यानेही ती उघडून तासभर ठेवायची नाही.

पाणी मासे ज्या टाकीत आहेत त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं. तळाचा गाळ ढवळलेलं पाणी घेऊ नका. दोन-तीन दिवस आधी टाकीचं एक तृतीयांश पाणी बदलून ठेवलं असेल तर वरच्या थरातलं स्वच्छ पाणी चालतं. सोडियम थायोसल्फेट फक्त क्लोरीन मारतं, अमोनिया त्याने बांधला जात नाही; त्यासाठी अमोनिया बांधणारं वेगळं औषध हवं. गोड्या पाण्यात झिओलाइट या अमोनिया शोषणाऱ्या खनिजाचे धुतलेले खडे जाळीच्या पुरचुंडीत टाकता येतात, खाऱ्या पाण्यात ते काम करत नाहीत. आयोडीन नसलेलं मीठ लिटरला एक ग्रॅम टाकलं तर बहुतेक मासे ताण बरा सोसतात. कोरीडोरास आणि लोच या तळाशी राहणाऱ्या माशांच्या पाण्यात मात्र नको. गुंगीची औषधं, लवंगेचं तेल वगैरे प्रयोग टाळा. पिशवीत ‘आधाराला’ वनस्पतीही नको, अंधारात ती स्वतःच प्राणवायू खाते.

आदल्या रात्री सगळं सामान एका जागी हवं: 50 ते 75 मायक्रॉन जाडीच्या पिशव्या लागतील त्याच्या दुपटीहून जास्त, जाड रबरबँड, प्राणवायूचं सिलिंडर आणि नळी, थर्माकोलचा खोका, बाहेरचा पुठ्ठ्याचा खोका, रुंद टेप, वर्तमानपत्रं, मार्कर, थर्मामीटर. पिशव्या त्याच रात्री पाण्याने भरून, तोंड बांधून, उलट्या करून कागदावर ठेवून बघा. सकाळी कागद ओला दिसला तर ती पिशवी बाद.

पिशवी रुंदीच्या अडीचपट तरी लांब असावी, कारण गाठीतच दहा-बारा सेंटिमीटर जातात. तळाचे कोपरे टेपने दुमडून घ्या. छोटा मासा टोकदार कोपऱ्यात शिरतो आणि पिशवी कलली की तिथेच चिरडतो. पाणी एक तृतीयांश, वर दोन तृतीयांश वायू. मासा पूर्ण बुडाला आणि पिशवी आडवी झाली तरी बुडालेलाच राहिला म्हणजे पाणी पुरे. तीन सेंटिमीटरच्या टेट्रा किंवा गप्पी असतील तर अर्ध्या लिटरला चार-पाच, याहून गर्दी नको. मोठा एंजल, सिक्लिड, पफर यांना प्रत्येकी वेगळी पिशवी. पफरच्या दातांचा तर पिशवीला आणि शेजाऱ्याला सारखाच धोका.

मासा सोडल्यावर पिशवी दाबून आतली हवा पाण्याच्या पातळीपर्यंत बाहेर काढा, मग नळी आत घालून प्राणवायू भरा. तोंडाने फुंकून पिशवी फुगवणं बंद करा, उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. बेटा आणि गौरामी पृष्ठभागावरची हवा थेट घेतात, त्यांच्या पिशवीत शुद्ध प्राणवायूऐवजी साधी हवाच ठेवतात. बेटा अर्थातच एकटा. विमानाने जाणार असेल तर पिशवी ढोलासारखी ताठ करू नका. उंचीवर विमानातला दाब जमिनीवरच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास उतरतो आणि आतला वायू जवळपास एक तृतीयांशाने फुगतो.

पिशवीची मान पिळून घट्ट करा, दुमडा आणि दुमडलेल्या भागावर रबरबँड गच्च गुंडाळा. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत उलटी घाला, म्हणजे पहिलीची गाठ दुसरीच्या तळाशी येते आणि उरलेले कोपरेही बुजतात. सकर, कोरीडोरास आणि इतर कॅटफिश यांच्या परांचे काटे पिशवी सहज फोडतात; त्यांना तीन पिशव्या, मध्ये वर्तमानपत्राचा जाड थर. त्यांना जाळीने पकडू नका, काटा जाळीत अडकतो. वाटी किंवा डबा वापरा. कोरीडोरास घाबरला की विषारी स्राव सोडतो. त्यामुळे पकडल्यावर अर्धा तास बादलीत ठेवून, मग नवीन पाण्यात पिशवीबंद करायचा.

वायू आरपार जाऊ देणाऱ्या खास पिशव्या वापरत असाल तर नियम उलटे: आत हवा अजिबात ठेवायची नाही, वर साधी प्लास्टिकची पिशवी घालायची नाही, आणि दोन पिशव्यांमध्ये कागद ठेवायचा, कारण एकमेकींना चिकटल्या की वायूची वाट बंद होते.

थर्माकोलची भिंत निदान दोन सेंटिमीटर जाड हवी. आत एक मोठी पिशवी अस्तरासारखी पसरा, म्हणजे गळती झाली तरी पाणी बाहेर येऊन खोका नाकारला जाणार नाही. पिशव्या हलणार नाहीत इतका कागद कोंबा. हलवून बघितल्यावर आवाज आला तर अजून कोंबा. आतला अंधार चांगलाच, त्यात मासे शांत राहतात.

थंडीत हीट पॅक, उन्हाळ्यात जेल पॅक, आणि दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या आतल्या बाजूला, पिशवीला न टेकता. हीट पॅकमधलं लोखंडाचं चूर्ण हवेतला प्राणवायू घेऊन तापतं. तो तासभर आधी उघडा, गरम झाला की मगच लावा, आणि खोक्याला पेन्सिलीएवढं एक भोक ठेवा, नाहीतर तो मध्येच विझतो. वायू आरपार जाणाऱ्या पिशव्यांसोबत हीट पॅक असेल तर अशी दोन-तीन भोकं लागतात, कारण दोघांची मागणी एकाच हवेवर असते. बाहेर फार थंडी किंवा ऊन नसेल तर दोन्ही पॅक विसरा. गरज नसताना लावलेला हीट पॅक मासे उकडतो. गोल्डफिशला तर थंडीचं फारसं काही वाटत नाही. शंका असेल तर नुसत्या पाण्याच्या पिशवीत थर्मामीटर घालून खोका एक रात्र बंद ठेवून पाहा.

बाहेर ‘जिवंत मासे’, ‘ही बाजू वर’ आणि दोन्हीकडचे फोन नंबर ठळक. नंबराची एक चिठ्ठी आतही टाका.

घेणाऱ्याला आपल्या पाण्याचं तापमान आणि पीएच आदल्या दिवशीच कळवा, सोबत या सूचना: टाकी तयार ठेवा, दिवा बंद ठेवा, पिशवी न उघडता 20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग उघडून मासे वाटीने किंवा मऊ जाळीने लगेच टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. एखादा मासा मेलेला दिसला तर पिशवी उघडण्याआधीच फोटो काढून दोन तासांच्या आत पाठवावा, आणि भरपाई कशी व किती हे पैसे घेतानाच लिहून ठरलेलं असावं. पहिलं खाणं दुसऱ्या दिवशी, तेही थोडंच.