ब्लॉगवर पोस्टची तारीख एक दिवस मागे दिसत होती, अशी दुरुस्त झाली

1 जुलैले सकाळी 9 वाजता कृषी दिनाची पोस्ट टाकली. वसंतराव नाईकांची जयंती, ते आमच्या पुसदकडचे, म्हणून तारखेलाच टाकायची होती. पण ब्लॉगवर दिसे 30 जून, रात्री 8:30, अन् बाजूच्या आर्काइव्हमधे पोस्ट जून महिन्यात जाऊन बसली.

मोबाइलची घडी पाह्यली, बरोबर. पोस्ट काढून परत टाकली, थीम बदलली, काही फरक नाही. दोन रात्री यातच गेल्या, लय जीव वैतागला.

मंग हिशेब केला तर फरक बरोबर साडेबारा तासांचा निघाला, म्हणजे माझ्या ब्लॉगचा टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा होता, मी तो कधी उघडूनच पाह्यला नव्हता. (तिकडे हिवाळ्यात घडी एक तास मागे करतात, तवा फरक साडेतेरा तासांचा दिसंल.)

ब्लॉगर (गूगलची ब्लॉग लिहायची साइट, माझा ब्लॉग तिथंच आहे) उघडा, डावीकडं सेटिंग्ज, खाली फॉरमॅटिंग, त्यात टाइम झोन. यादीत जीएमटी +05:30 वालं कोलकाता निवडा, सेव्ह करा. आपल्या साऱ्या देशाची वेळ तीच, मुंबई शोधत बसू नका.

मंग जुनी पोस्ट एडिटमधे उघडा, उजवीकडं पोस्ट सेटिंग्जमधे प्रकाशनाची तारीख-वेळ तपासा, चुकली असंल तर हातानं भरा अन् अपडेट दाबा. पोस्टच्या लिंकमधे जुनाच महिना राह्यते, तो राहू द्या, पोस्ट काढून नवी टाकाल तर आधी वाटलेली लिंक बंद पडंल अन् खालच्या कमेंटाही जातील.